बिनसाखरेचं घर

"थांब गं हेमा. त्याचं होऊ दे," आबा म्हणाले. "प्रधानाच्या आधी या घरात कोणी जेवलंय का कधी?"

मी भरताचा डाव पुन्हा पातेल्यात ठेवला. अंगणात तुळशीसमोर केळीच्या पानावर प्रधान जेवत होता, आणि आम्ही दोघं ओसरीवर ताटं मांडून त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. चंपाषष्ठी होती. खंडोबा आमचा कुलदेव आणि कुत्रं हे त्याचं लाडकं. म्हणून त्या दिवशी तळी भरली, येळकोट झाला, की नैवेद्याचं पहिलं पान कुत्र्याला. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, पुरणपोळी. त्याचं पोट भरल्याशिवाय माणसांनी घास उचलायचा नाही. बाकीच्या घरांत गल्लीतलं सापडेल ते कुत्रं बोलावतात. आमच्याकडे घरचंच होतं, तांबूस रंगाचं, एक कान मोडलेलं. देवाचा प्रधान म्हणून आबांनीच त्याचं नाव प्रधान ठेवलेलं.

त्यानं रोडगा नुसता हुंगला, भरताला नाक लावलं नाही आणि पुरणपोळीवर तुटून पडला. एक संपली. मी दुसरी टाकली. तीही गेली.

"बघ, बघ!" आबा खुशीत म्हणाले. "देवाला पटली बरं का तुझी साखर."

मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू. त्या पोळीसाठी मी महिनाभर डोकं फोडलं होतं. आज अकरा वर्षं झाली, पण 'देवाला पटली' हे शब्द मी विसरलेले नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. लाइनमन म्हणून तीस वर्षं खांबावर चढले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या सासवडच्या घरी कुत्रा, देव आणि पेपर यांत रमले. माझा नवरा शिरीष चाकणच्या कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी यायचा. म्हणजे घर काय ते माझं आणि आबांचं. मी तेव्हा नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करायची. जन्माचे फॉर्म हसत हसत यायचे. मृत्यूच्या फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो, आणि त्यात 'मधुमेह' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. त्यांतली एक नोंद आमच्या माईंची, माझ्या सासूबाईंची. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, मग किडन्या. तीन वर्षं हे चाललं. नोंद माझ्याच हातानं केली आणि त्या दिवशी घरी चालत आले, रिक्षात बसायचं सुचलं नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी आबांच्या पायाचा अंगठा काळा पडला. त्यांनी पंधरा दिवस मोजा घालून लपवला. शुगर निघाली तीनशे ऐंशी. आषाढात अंगठा काढावा लागला आणि इन्सुलिन सुरू झालं.

मी दवाखान्यातून घरी आले, साखरेचा डबा उचलला आणि ओळखीच्या कामठ्यांच्या घरी देऊन आले. मग गुळाची ढेप. मग मध. मग आबांच्या टेबलाच्या खणातल्या लिमलेटच्या गोळ्या. घरात साखरेचा कण ठेवला नाही. शिरीष म्हणाला, "अगं, जरा दमानं घे." मी म्हटलं, "तुझ्या आईच्या वेळी दमानंच घेतलं होतं."

मी वाईट वागले असं मला तेव्हा वाटत नव्हतं. मी घाबरले होते. भीतीनं माणूस किती कडक होतो, ते त्याचं त्याला कळत नाही. कामठ्यांच्या पोरीच्या लग्नात आबांनी जिलबी उचलली तर भर पंगतीत मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. पंगत हसली. आबाही हसले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले होते, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रोज सकाळी सहाला मी त्यांच्या बोटाला सुई टोचून शुगर बघायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायची. दीडशे, एकशेवीस, पंच्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. आकडा खाली आला की मला माझाच अभिमान वाटायचा. दुपारी मी ऑफिसात, तेव्हा दुपारचं कोण बघतंय! आबांचा देवधर्म मात्र त्या चार महिन्यांत वाढला होता. संध्याकाळी घरी यावं तर बोटं पिवळी, सदऱ्याचा खिसा पिवळा, कधी ओठाच्या कोपऱ्यालासुद्धा हळद. भंडाऱ्याच्या डब्यात सारखा हात. मी मनात म्हणायची, पाय वाचवला ना देवानं, मग करतात बिचारे.

कार्तिक लागला तसा पुरणाचा प्रश्न आला.

"या वर्षी पोळी राहू दे, आबा," मी म्हटलं.

"आणि देवाला काय फिका नैवेद्य दाखवू?" एरवी माझं सगळं ऐकणारे आबा एकदम ताठ झाले. "माई गेली त्या वर्षीसुद्धा पोळी चुकली नाही. तू मला नको देऊस. पण त्याचं पान गोडच पाहिजे."

मग मी साखरेला पर्याय शोधायला लागले. रासायनिक गोळ्या नकोत, नैसर्गिकच हवं, हा माझा हट्ट. आधी नर्सरीतून गोड तुळशीचं, स्टीव्हियाचं रोप आणलं. त्याच्या पानांचा चहा आबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "गोड आहे, पण पाठीमागून कडू येतंय. काढा म्हणून दे, पिईन." मग एक पांढरी पूड आणली. ती जिभेला गार लागायची आणि गार झालेल्या पुरणात वाळूसारखी कचकचायची. कसल्याशा चिनी फळाची पूड मिळते म्हणतात, तिची किंमत ऐकूनच मी फोन ठेवला. शेवटी पुण्यातल्या एका दुकानात भूर्जाच्या झाडापासून केलेली साखर सापडली. दिसायला साखर, चवीला साखर, उष्मांक कमी, शुगर फारशी वाढत नाही. दुकानदार म्हणाला, "शंभर टक्के नैसर्गिक, ताई. घरात सगळ्यांना चालते."

मी नोंदी करणारी बाई. कागद वाचल्याशिवाय सही न करणारी. पाकीट चारी बाजूंनी वाचलं. फक्त मागच्या बाजूला किमतीची मोठी पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्याखाली काय होतं ते तेवढं वाचलं नाही. कोण वाचतं?

तर त्या दुपारी. तळीला पाच माणसं लागतात. आबा एक आणि कामठ्यांकडची चौघं. ती दोन गल्ल्या पलीकडून येणार होती, ती येतायत असं कळल्यावर मी सव्वाबाराला आबांना इंजेक्शन देऊन टाकलं. इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी जेवण, असा डॉक्टरांचा नियम. पण त्यांना यायला उशीर झाला, येळकोट रंगला, भंडारा उधळला, ती आपल्या घरच्या नैवेद्याला परतली, आणि प्रधानाचं पान वाढेपर्यंत पाऊण होऊन गेला.

प्रधानानं पोळीचा शेवटचा कणही चाटून घेतला. आबांनी हात जोडले. "वाढ आता," म्हणाले.

मी डाव उचलला, तेवढ्यात प्रधान ओकला.

"हावरटपणा, दुसरं काय," आबा हसून म्हणाले. पण तो उठून आमच्याकडे यायला लागला आणि त्याचे मागचे पाय वाकडे पडले. दोन पावलं टाकली, तुळशीच्या कट्ट्यावर आपटला. परत उठला, परत पडला. डोळे उघडे, पण बघतोय कुठं ते कळेना.

आबा ताट ओलांडून धावले. नऊ बोटांचा माणूस, चप्पल नाही, काही नाही. "प्रधान! ए पोरा! हेमा, याला काय झालं गं?"

मी जनावरांच्या डॉक्टर तांबोळी मॅडमना फोन लावला. दरवर्षी इंजेक्शनला प्रधान त्यांच्याकडेच जायचा. फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काय खाल्लंय त्यानं?"

"नैवेद्य. रोडगा, भरीत, कांद्याची पात."

"कांदा किती गेला पोटात?"

"शिवलासुद्धा नाही. नुसत्या पुरणपोळ्या खाल्ल्या. दोन."

"पुरणपोळीनं असं होत नाही. पुरणात काय घातलंत? गूळ का साखर?"

आणि बघा माणसाचा स्वभाव. कुत्रं समोर तडफडतंय, तरी माझ्या आवाजात तोरा आलाच. "साखर नाही हो, आमच्याकडे चालत नाही ती. झाडाची आहे. नैसर्गिक."

पलीकडून आवाज बंद झाला. मग त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "पाकीट आणा. नाव वाचा."

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात पळाले. "झायलिटॉल."

"या अल्ला," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरच्या तोंडून असं निघाल्यावर दुसऱ्यानं काय समजायचं! मी ओट्याला धरून उभी राहिले.

"ताई, नीट ऐका. ते माणसाला चालतं. कुत्र्याला ते विष आहे. त्याच्या अंगातली साखर आत्ता भराभर खाली चाललीय. ओकला ते बरं झालं, पण तेवढ्यानं भागायचं नाही. घरात आणखी कोणी खाल्लंय?"

"कोणीच नाही. माणसाला खरंच चालतं ना?"

"चालतं म्हटलं ना! कुत्र्याचं बघा. साखर पाण्यात कालवा, बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. आणि चोळत चोळतच इकडे घेऊन या."

मी अंगणात येऊन आबांकडे बघितलं. "घरात साखर नाही," मी म्हटलं.

"मग गूळ."

"नाही."

"मध? ग्लुकोज? काहीतरी असेलच."

"काहीच नाही, मॅडम. मीच ठेवलं नाही."

"अहो, साखर नाही असं घर असतं का कुठं!" त्या ओरडल्या.

प्रधानाला झटका आला. चारी पाय ताठ, जबडा घट्ट, तोंडातून फेस. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. माईंच्या वेळीही नाही, कारण तिथं मला काय होतंय ते माहीत होतं. इथं मीच केलं होतं. माझ्या हातानं, देवाचं पान म्हणून, दोनदा वाढून.

आबा उठले. भिंतीला धरत देवघरात गेले आणि भंडाऱ्याचा पितळी डबा घेऊन आले. मला वाटलं, अंगारा लावतायत. माझ्या तोंडावर आलं होतं, 'आबा, देव नंतर!' पण त्यांनी डब्यात मनगटापर्यंत हात घातला, हळदीच्या तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली. आत खडीसाखर होती. हळदीनं पिवळी झालेली, बोराएवढे सात-आठ खडे.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनीच आधी डोळे खाली घातले.

"कुटून आण," ते म्हणाले. "बोलायचं ते नंतर बोल."

मी चार खडे खलबत्त्यात कुटले, पाणी घातलं, आणि नंदू कामठेला फोन करून गाडी आण म्हणून सांगितलं. त्यालाच वाटीभर साखर आण म्हटलं असतं तर! पण भीतीत डोकं कुठं चालतं. नंदूनं व्हॅन दाराशी आणेपर्यंत आबा प्रधानाचा ओठ वर करून पिवळं पाणी त्याच्या हिरड्यांना चोळत होते. "घे रे राजा. घे. देवाचंच आहे." झटका थांबला. पण तो नुसता लोळागोळा पडून राहिला.

व्हॅनमध्ये मागच्या सीटवर आबा, त्यांच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेला प्रधान, आणि शेजारी मी वाटी धरून. जेजुरीच्या बाजूनं येणारी-जाणारी वाहनं, पिवळ्या कपाळांची माणसं, ट्रॅक्टर, रस्ता तुडुंब. नंदू हॉर्न वाजवून थकला. वाटीतलं पाणी संपलं. आबांनी पिशवीतले खडे एकेक काढून मुठीत चिरडायला सुरुवात केली, पण हाताला जोर येईना. हात थरथरत होते. कपाळावरून घाम चालला होता, भंडारा ओघळून भुवयांत उतरला होता. मला वाटलं, कुत्र्यासाठी जीव तुटतोय म्हातारबाबांचा.

"मेन बंद केला का?" ते अचानक म्हणाले.

"काय?"

"वर माणूस आहे. लाइन चालू आहे. मेन बंद करा आधी."

नंदूनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आबा घाबरलेत, वहिनी."

"काही नाही होत, आबा," मी म्हटलं. "आलाच दवाखाना."

शेवटचा खडा उरला. आबांनी तो हातात धरला, त्याच्याकडे एकटक पाहिलं आणि हळूच आपल्या तोंडात टाकला.

माझं टाळकंच सरकलं. कुत्रं मरायला टेकलंय, आणि यांना आत्ता गोड सुचतंय!

"आबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की नंदूचा पाय ब्रेकवर गेला. "अहो, लाज नाही वाटत? तेवढा एक खडा तरी त्याला ठेवा!"

आबा दचकले. माझ्याकडे बघितलं, आणि तोंडातला खडा तळहातावर काढला. दातांनी फुटलेला होता. तो चुरा त्यांनी बोटावर घेतला आणि एकेक कण प्रधानाच्या हिरडीला लावला. सगळा. बोटाला लागलेलंसुद्धा चाटलं नाही, त्याच्याच जिभेला पुसलं.

ती नजर मला अजून दिसते. मार खाल्लेल्या पोराची असावी तशी.

तांबोळी मॅडम दारातच उभ्या होत्या. प्रधानाला टेबलावर घेतलं, कानातून रक्ताचा थेंब काढला, मशीनवर आकडा आला एकतीस. त्यांनी पायाची शीर शोधली, सुई घातली, सलाइन लावलं. मी भिंतीला टेकून 'येळकोट येळकोट' पुटपुटत होते. दर पाच मिनिटांनी आकडा. चौतीस. अठ्ठेचाळीस. मग प्रधानानं डोळे हलवले.

"चोळत आणलंत म्हणून पोचला," मॅडम म्हणाल्या. "पण अजून लिव्हरचा धोका आहे. तीन दिवस काही सांगता येणार नाही. साखर कुठून मिळाली मग?"

मी वळून आबांकडे बोट करणार, तेवढ्यात बाकावरून काहीतरी घसरल्याचा आवाज आला.

आबा खाली पडले होते. पांढरेफटक, अंगातला सदरा चिंब.

"हार्ट!" नंदू ओरडला.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. आबांचा हात हातात घेतला, घाम बघितला, आणि मान वर करून मला विचारलं, "इन्सुलिनवर आहेत का?"

"हो."

"आज घेतलंय?"

"सव्वाबाराला. मीच दिलं."

"जेवले किती वाजता?"

भिंतीवरचं घड्याळ पावणेदोन दाखवत होतं. आमची ताटं ओसरीवर तशीच होती. प्रधानाच्या आधी या घरात कोणी जेवत नाही.

मॅडमनी तेच मशीन उचललं, नवी सुई आणि पट्टी काढून आबांचं बोट टोचलं. बेचाळीस.

"मी जनावरांची डॉक्टर आहे," त्या नंदूला म्हणाल्या, "तू ॲम्ब्युलन्सला फोन लाव. पण तोवर थांबता येणार नाही. ताई, यांना बसतं करा. आबा! आबा, गिळता येतंय का? हे प्या."

ग्लुकोजच्या पाण्याचा पेला मी आबांच्या ओठांना लावला. निम्मं सांडलं. मनात एकच चाललं होतं. खडा तोंडात होता. तोंडात होता खडा, आणि तो मी काढायला लावला. उद्या फॉर्म माझ्याच टेबलावर येईल. कारणाच्या रकान्यात मी काय लिहू?

"आणखी एक घोट, आबा. माझ्यासाठी," मी म्हटलं. पाच महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा गोड भरवत होते.

दहा मिनिटांनी आकडा एकसष्ट. वीस मिनिटांनी चौऱ्याऐंशी. ओठांवर रंग आला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "प्रधान?"

"आहे. डोळे उघडलेत."

त्यांनी डोकं भिंतीला टेकलं. ॲम्ब्युलन्स गर्दीत अडकली होती. नंदू बाहेर रस्ता बघत उभा राहिला. मी आबांच्या पायाशी बसले होते, त्या अंगठा नसलेल्या पावलावर हात ठेवून.

"ती खडीसाखर," मी म्हटलं, "खायचात तुम्ही रोज?"

"रोज नाही. चारच्या सुमाराला गरगरायचं. हात कापायचे. डोळ्यापुढं अंधारी. एक खडा टाकला की बरं वाटायचं."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

श्रावणापासून! मी सकाळचे आकडे कॅलेंडरवर लिहून खूश होत होते, आणि हा माणूस दुपारी एकट्या घरात देवघरापर्यंत भिंत धरून चालत होता.

"अहो आबा, मग मला का नाही सांगितलंत? डॉक्टरांनी डोस कमी केला असता. एवढं साधं होतं. का नाही सांगितलं?"

ते टेबलावरच्या कुत्र्याकडे बघायला लागले.

"तुझी भीती वाटायची," म्हणाले.

रागानं नाही, तक्रार म्हणून नाही. पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं, तसं. मी उठून दवाखान्याच्या मागच्या नळावर गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

आबांना हॉस्पिटलातून दोन दिवसांनी घरी सोडलं. डॉक्टरांनी इन्सुलिन जवळजवळ निम्म्यावर आणलं. प्रधान पाच दिवस सलाइनवर होता, डोळे पिवळे झाले, पण निभावला. घरी आल्यावर मी ते पाकीट घेतलं आणि नखानं किमतीची चिठ्ठी खरवडली. खाली कुत्र्याचं छोटं चित्र होतं, त्यावर लाल फुली.

पुढच्या वर्षीच्या चंपाषष्ठीला शिरीषही घरी होता. फडताळात साखरेचा डबा होता, गूळ होता, आणि आबांच्या उशापाशी खडीसाखरेची डबी, झाकणावर मीच त्यांचं नाव घातलेली. पुरण गुळाचं. आबांना त्यातली अर्धी पोळी, डॉक्टरांना विचारून. इंजेक्शन ताट समोर आल्यावर, आधी नाही. तळी झाली, पान वाढलं, मी ते तुळशीपाशी ठेवलं.

प्रधान आला. पोळी हुंगली आणि चार पावलं मागे सरला. पानाकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिला.

"ठेव आणि बाजूला हो," आबा म्हणाले.

मी ओसरीवर गेले. तो हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"गल्लीतलं दुसरं एखादं बोलावू का?" शिरीष म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

मी अंगणात उतरले आणि प्रधानासमोर फरशीवर मांडी घातली. देवाच्या पानावरच्या पोळीचा तुकडा मोडला आणि त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या तोंडात घातला.

"हेमा!" शिरीष ओरडला. "अगं, नैवेद्य उष्टा केलास!"

मी सावकाश चावला, गिळला, आणि तोंड उघडून प्रधानाला दाखवलं. तो जवळ आला. माझे ओठ हुंगले. मग दुसरा तुकडा माझ्या बोटांतून अलगद घेतला.

मला वाटलं, आबा रागावले. देवाआधी खाल्लं मी, त्यांच्या घरात. वळून बघायचा धीर होईना.

"हेमा," आबांनी हाक मारली. आवाज मोठा होता, चार घरं ऐकतील असा. "मला जरा गरगरतंय गं."

मी ओरडले नाही, काही विचारलं नाही. ओसरीवर गेले, डबी उघडली आणि त्यांच्यापुढे धरली.